गुडघ्याचे दुखणे आणि उपचारांचा क्रम



भातरोपणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणारी शेतकरीण, माडावर चढणारा रेंदेर, कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळणारा तरुण आणि देवळाच्या पायऱ्या चढणारी आजी, या सर्वांचे हिंडणे-फिरणे एका सांध्यावर अवलंबून असते. तो सांधा म्हणजे गुडघा. तो दुखू लागला की माणूस प्रथम बाजार सोडतो, मग शेजार, आणि शेवटी अंगणही. म्हणून गुडघ्याचे दुखणे हा केवळ एका सांध्याचा प्रश्न राहत नाही.

याबाबत समाजात दोन टोकाच्या समजुती आढळतात. ‘वय झाले, आता दुखायचेच’ असे म्हणून काहीजण मुकाट्याने सोसतात, तर काहीजण पहिल्या कळेबरोबर शस्त्रक्रियेचा विचार करू लागतात. या दोन टोकांमध्ये उपचारांच्या अनेक पायऱ्या आहेत आणि त्या क्रमाने चढणे हिताचे असते.

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी मिळून गुडघा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात आणि चार प्रमुख अस्थिबंध हा सांधा जागच्या जागी धरून ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. गादीलाही केवळ बाहेरच्या कडेने रक्तपुरवठा होतो. या भागांची झीज सहजासहजी भरून का येत नाही, याचे मुख्य कारण हेच.

प्रथम दुखापतीचा विचार करू. पाय रोवलेला असताना शरीर वळले की गुडघा मुरगळतो. अशा वेळी खेळ तत्काळ थांबवावा, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेक द्यावा, पट्टी बांधावी व पाय उंचावर ठेवावा. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश करणे किंवा सांधा ओढून ‘बसविणे’ घातक ठरू शकते. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, वाटीवर किंवा नडगीच्या बाहेरील बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यास वेदना होत असेल, अथवा वय ५५ वा त्याहून अधिक असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. काही तासांतच मोठी सूज आली तर सांध्यात रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेथे एक दिवसाचाही विलंब करू नये.

पुढचा अस्थिबंध तुटला म्हणजे शस्त्रक्रिया अटळच, असा समज आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रियेची मुभा ठेवण्यात आली. पाच वर्षांनंतर या दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया करावीच लागली नव्हती. मात्र व्यायामानंतरही गुडघा वारंवार निसटत असेल, किंवा फाटलेली गादी अडकून पाय सरळच होत नसेल, तर शस्त्रक्रियेची गरज भासू शकते.

उतारवयातील झिजेच्या संधिवाताची कथा निराळी आहे. वाढते वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि सतत उकिडवे बसण्याची कामे ही त्याची परिचित कारणे होत. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्ष-किरणात दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. म्हणून उपचार छायाचित्रावर नव्हे, तर रुग्णावर करावयाचे असतात.

पहिला उपचार व्यायामाचा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, उताणे निजून पाय सरळ उचलणे, यांनी मांडीचे स्नायू बळकट होतात व सांध्यावरील ताण हलका होतो. चालण्याने गुडघा झिजतो, या भीतीने अंथरूण धरणे चुकीचे आहे. दुसरा उपचार वजनाचा. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उंच आसन, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरलेली काठी, हे साधे उपायही मोलाचे आहेत.

त्यानंतर औषधे. वेदनाशामक मलम प्रथम वापरून पाहावे. पोटात घ्यावयाच्या गोळ्यांनी जठर व मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो, म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नयेत. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, झीज मात्र भरून येत नाही.

दुर्बिणीने सांधा ‘साफ’ करण्याचा उपाय एके काळी फार प्रचलित होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांच्या त्वचेवर केवळ छेद घेतले होते. दोन वर्षांनंतर खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्याहून अधिक आराम पडला नव्हता.

हे सर्व करूनही रात्रीची झोप उडत असेल व रोजचे चालणे दुष्कर झाले असेल, तर सांधेरोपणाचा विचार अवश्य करावा. १९७० च्या दशकात आधुनिक स्वरूप आलेली ही शस्त्रक्रिया आज भरवशाची ठरली आहे. राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे २०१९ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार संपूर्ण रोपण केलेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे खर्चाचा एक मोठा भाग आटोक्यात आला. तरीही जंतुसंसर्ग व रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतोच, आणि नंतरचा व्यायाम चुकविला तर नवा सांधाही आखडतो.

सारांश, शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आणि ती पायरी आली असता केवळ भयापोटी मागे फिरणेही योग्य नव्हे. घरातील वडीलधारे माणूस अंगणात येईनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ न बसता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्या माणसाचे बाहेर पडणे पुन्हा सुरू होणे, हेच या सर्व उपचारांचे प्रयोजन होय.