ब्रेटन: एका नावाची कुळकथा

‘ब्रिटिश’ हा शब्द ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. परंतु या शब्दाचे एक सख्खे भावंड फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर नांदत आहे, याची कल्पना थोड्यांनाच असते. ते भावंड म्हणजे ‘ब्रेटन’. ब्रिटनी प्रांतातील लोकांचे नाव.

या नावाचे मूळ मात्र फ्रान्सात नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पिथियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने उत्तरेकडील बेटांचे नाव ऐकले, ते ‘प्रेतन’ या रूपाशी मिळतेजुळते होते. केल्टिक भाषेतील ‘आकार’ या अर्थाच्या शब्दाशी अनेक पंडित त्याचा संबंध जोडतात आणि ‘अंगावर आकृती रेखाटणारे लोक’ असा त्याचा अर्थ लावतात. तेथील लोक अंगाला निळा रंग फासत, असे ज्युलियस सीझरनेही लिहून ठेवले आहे. रोमन लोकांच्या मुखी ‘प’चा ‘ब’ झाला आणि ‘ब्रिटानिया’ व ‘ब्रिटो’ ही रूपे रूढ झाली.

पुढे रोमन सत्ता ओसरल्यावर, पाचव्या-सहाव्या शतकांत, बेटाच्या नैर्ऋत्य भागातील पुष्कळ लोक समुद्र ओलांडून आर्मोरिकाच्या किनाऱ्यावर उतरले. आर्मोरिका म्हणजे ‘समुद्रालगतचा प्रदेश’. आगंतुकांनी आपली भाषा तर आणलीच, पण नावही आणले. आणि जुने नाव मागे पडून तो प्रदेशच धाकटा ब्रिटन झाला. ‘ग्रेट ब्रिटन’मधील ‘ग्रेट’ हे विशेषण मुळात गौरवाचे नव्हे. धाकट्यापासून थोरले वेगळे ओळखण्यासाठी ते योजले गेले.

ब्रेटन लोक स्वतःच्या भूमीला ‘ब्रेझ’ आणि भाषेला ‘ब्रेझोनेग’ म्हणतात. एकेकाळी ब्रेटन म्हणजे ती भाषा बोलणारा, हे पश्चिम ब्रिटनीत वेगळे सांगावे लागत नसे. १५३२ साली हे राज्य फ्रान्सला जोडले गेले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षेची खूण दिली जाई. दुसरा कोणी ती भाषा बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जाई. १९५० च्या सुमारास दहा लाखांच्या घरात असलेले भाषक २०२४ च्या पाहणीत सुमारे १,०७,००० उरले. ब्रेटन भाषा जाणणाऱ्या ब्रेटनासाठी फ्रेंचमध्ये ‘ब्रतोनां’ हा निराळा शब्द वापरावा लागतो, यातच सारे आले.

१९७७ साली ब्रेटन माध्यमाच्या शाळा निघाल्या. त्यांचे नाव ‘दिवान’, म्हणजे अंकुर. समुद्रापार आलेल्या त्या नावात भाषेचा अर्थ पुन्हा भरण्याचे काम आता त्या शाळांतील मुलांकडे आहे.