पहिले गिऱ्हाईक



आपल्या बेडसे लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. परगावच्या व्यापारी घराण्याने येथील कामास हात दिला! पुण्यात १९३४ साली ए. आर. भट यांनी मराठा चेंबर स्थापिले, तेही उद्योगधंद्यांस संघटित आधार मिळावा म्हणूनच.

माझ्या एका विद्यार्थ्याने सुतारकामाचा कारखाना काढला होता. शाळेची बाके करावयास मागितली. ‘आधी अनुभव आण,’ मी म्हणालो. वर्षात कारखाना बुडाला. पहिले गिऱ्हाईकच नाही, तर अनुभव कोठून यावा?

आज आपल्यातील एक तरुण उद्योजक मावळातील नवख्या धंदेवाल्यांस एकत्र बसवीत आहे. तो पैसा मागत नाही; जमाखर्च, कायदा जाणणाऱ्या निवृत्तांची नावे मागतो. पत्रलेखनासाठी माझे नाव मी कालच दिले.