चार कोसांच्या आतील सहली
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे’ या विषयावर मी आपणांपुढे चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांचे पत्र मला आले, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वक्ता नव्हे, लेखकही नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही आणि सारी नोकरी मालवण तालुक्यातील प्राथमिक शाळांत मुलांना पाढे म्हणायला लावण्यात गेली. शिवाय स्थळांची यादी हवी असेल तर ती छापील पुस्तिकेत सुबकपणे मिळते. त्यासाठी म्हाताऱ्या मास्तराला रात्रीच्या गाडीने मुंबईस आणण्याचे कारण नाही. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी विषयाला किंचित बगल देणार आहे. कोठे जावे हे आपणांस ठाऊक आहे. केव्हा जावे, एवढ्यापुरतेच मी बोलतो.

याला एक घरगुती कारण आहे. आमचे गाव मालवणपासून दोन-अडीच कोसांवर. माझी आई आयुष्यभर मालवणच्या बाजाराला गेली. आधी डोक्यावर टोपली घेऊन पायी, पुढे एस. टी. ने. बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, हे येथे सर्वांना माहीत आहे. तो तिने शेकडो वेळा पाहिला, पण होडीत बसून त्यात पाऊल कधी ठेवले नाही. मी शाळेच्या मुलांना घेऊन दरवर्षी किल्ल्यावर जात असे. खोबणीतून दिसणारे छत्रपतींच्या हातापायांचे ठसे मुलांना दाखवीत असे आणि भोवती खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हेही सांगत असे. आईला म्हटले, “आये, या वेळी तू चल,” तर तिचे उत्तर ठरलेले, “जावया रे कधीतरी, किल्लो काय पळान जाता?” मलाही ते पटे. किल्ला खरोखरच कोठे पळून जाणार होता!

पुढे ती फार थकली आणि एका ज्येष्ठात आपण होऊन म्हणाली, “माका एकदा किल्ल्यात घेवन चल.” मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून तिला बंदरावर नेले. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या. मे महिना सरता सरता किल्ल्याची होडीवाहतूक बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत, हे मुलांच्या सहली काढणाऱ्या मास्तराला ठाऊक नव्हते काय? होते. पण त्या दिवशी ते आठवले नाही. मग मी तिला मोरयाच्या धोंड्याकडे नेले. किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केला, त्या वेळी पूजा झाली ती या धोंड्याजवळ, असे सांगतात. खडकात गणपती कोरलेला आहे, चंद्रसूर्य आहेत. आई तेथे बराच वेळ बसली, समुद्र पाहिला, हात जोडले. गणेशचतुर्थीपूर्वीच ती गेली. होड्या सुरू व्हायला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते.

असो. हे सांगून कोणाचे मन खिन्न करावे असा माझा हेतू नाही. ‘केव्हाही जाता येईल’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात बहुधा खोटे ठरते, एवढेच मला त्या दिवशी कळले. आपल्याकडील प्रत्येक स्थळाला ऋतू आहे, आणि आपण मुंबईकर मंडळी येता ती मे महिन्यात नाहीतर गणपतीत. त्यामुळे वर्षातील दहा महिन्यांचा सिंधुदुर्ग आपल्या मुलांनी पाहिलेलाच नाही.

मृगापासून आरंभ करू. पहिला मोठा पाऊस झाला आणि व्हाळांना लाल पाणी आले की रात्री बत्त्या घेऊन माणसे चढणीच्या माशांमागे धावतात. मासे प्रवाहाविरुद्ध उड्या घेत मळ्यांत चढतात. ते अंडी घालण्यास निघालेले असतात, म्हणून हल्ली जाणते लोक सांगतात की ते पकडू नयेत, आणि मला ते योग्य वाटते. पण पाहावे अवश्य. दगडाच्या बांधावर वीतभर मासा तिसऱ्या प्रयत्नाला चढून जातो, हे ज्याने बत्तीच्या उजेडात एकदा पाहिले, त्या मुलाला पाठ्यपुस्तकातला धडा वेगळा शिकवावा लागत नाही. या दिवसांत किनाऱ्यावर सामसूम असते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते; दर्याला विश्रांती, आणि आपल्या पानांत टाकळा, कुरडू, फोडशी! आंबोलीचा धबधबाही याच दिवसांतला, पण तेथे शनिवार-रविवारी इतकी गर्दी लोटते की तेथे जाण्याचा आग्रह मी कोणास करणार नाही.

मग नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी सारा तालुका लोटतो. सागराला नारळ अर्पण होतो आणि त्यानंतर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. दोघांनी आपापला नारळ हातात धरून एकमेकांवर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. कठीण कवटीचा नारळ ओळखण्याची विद्या जुन्या माणसांजवळ असते. ते नारळ कानाशी नेऊन बोटाने वाजवतात आणि पोराच्या हाती नेमका देतात. माझ्या हातातला नारळ आजवर एकदाही शाबूत राहिलेला नाही.

भाद्रपदात आपण येताच. पण गणपतीच्या आरत्यांतून एक सकाळ काढून सड्यावर कितीजण जातात? ज्या कातळावर मे महिन्यात पाय ठेववत नाही, तेथे त्या दिवसांत तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुललेली असतात. सीतेची आसवे हे इवलेसे निळे फूल कीटकभक्षी वनस्पतीचे आहे, हे सांगितल्यावर मुले पोटावर निजून ते न्याहाळतात. हा फुलोरा थोड्या आठवड्यांचा. पाऊस ओसरला की सडा पुन्हा पिवळा होतो.

कार्तिकापासून जत्रांचे दिवस. गावोगावच्या देवळांत दहीकाला, पालखी आणि रात्रभर दशावतार. रंगमंचाला पडदा नाही आणि छापील संहिताही नाही. पहाटे तीनला डोळे ताठर झालेली मुले संकासुर आला की खडबडून जागी होतात. खाज्याची पुडी हातात असतेच. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्राही याच सुमाराची.

परंतु या साऱ्यांहून विलक्षण गोष्ट आचऱ्याची. काही वर्षांच्या अंतराने श्री रामेश्वराचा कौल घेऊन तेथे ‘गावपळण’ होते. अख्खा गाव, गुरेढोरे, कोंबडी-कुत्री यांसह घरे बंद करून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री खोपी घालून राहतो. हिंदू-मुसलमान असा भेद त्यात नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या खोपीत मी एकदा हे दिवस काढले. चुली तीन दगडांच्या, पाणी ओढ्याचे, वर माडाची झापे. ज्यांचे वर्षभर एकमेकांशी बोलणे नव्हते अशी दोन कुटुंबे शेजारच्या खोपींत आली, आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या चुलीवरचा निखारा दुसऱ्याच्या चुलीत गेला. रात्री भजन, फुगड्या, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. मी उठून वेशीपर्यंत गेलो. गावात दिवा नाही, कुत्र्याचे भुंकणे नाही. आपलेच गाव बाहेरून पाहण्याची ही युक्ती ज्या पूर्वजांना सुचली, त्यांची कारणे काय होती याविषयी नाना मते आहेत. मला कारणांशी कर्तव्य नाही. सहल या शब्दाचा अर्थ मला तेथे उमगला. दूर जावे लागत नाही. घराला कडी लावून निघावे मात्र लागते.

हिवाळा हा चालण्याचा काळ. मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकण आणि गोव्यातील अशा शिल्पस्थळांत कुडोपीचाही समावेश होऊन ती २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी मुलांना घेऊन जात असे तेव्हा ‘मास्तर उन्हात काय दाखवतात’ म्हणून पालक हसत. पावसाळ्यात त्या रेघांत पाणी साचते, म्हणून कोरड्या दिवसांत, तीही सकाळी तिरपे ऊन असताना, ती पाहावीत. सिंधुदुर्ग किल्लाही आता, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, विजयदुर्गासह जागतिक वारशात आला. दूरदेशीचे लोक त्यासाठी येतील. बंदरावर उभे राहून तो रोज पाहणाऱ्यांपैकी किती त्यात जातील, हा माझा जुना प्रश्न उरतोच.

याच दिवसांत पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहावी. दोन बाजूंनी दोर धरून माणसे मागे मागे सरतात. पाहुण्याने दोराला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही, आणि जाळे वाळूवर आले की बांगडे-तारल्यांच्या वाट्यात पसाभर आपल्यालाही मिळतात. यांत्रिक नौकांमुळे पूर्वीची मासळी आता रापणीला मिळत नाही, ही रापणकरांची तक्रार खरी आहे. पुढच्या पिढीला रापण दिसेलच याची मी हमी देत नाही.

माघात कुणकेश्वरची महाशिवरात्र. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर तिथीने ठरतच नाही; देवीचा कौल होऊन दिवस जाहीर होतो आणि मग मुंबईच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. ही एक जत्रा आपण चुकवीत नाही, त्यामुळे अधिक सांगत नाही.

आणि वैशाखात, आपण सारे येता तेव्हा, कृपा करून भर दुपारी किनाऱ्यावर जाऊ नये! धामापूरला जावे. मालवण-कुडाळ रस्त्यालगतचा हा तलाव १५३० सालचा, नागेश देसाई यांच्या काळातला. २०२० साली जागतिक वारसा सिंचन-वास्तूंत त्याची गणना झाली. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती दाट झाडी. पाण्याला पाय लावून पायरीवर बसावे, सोबत शिरवाळे आणि नारळाचा रस असावा. मुले गप्प बसतात, हा अनुभव आहे.

माझ्या लहानपणी मुंबईचे आप्त आगबोटीने येत. बोट दूर उभी राही, पडावातून माणसे किनाऱ्याला लागत. एवढा खटाटोप करून आलेला पाहुणा महिनाभर राहत असे. आता कोकण रेल्वेने रात्रीत येता येते, आणि म्हणूनच की काय, दोन दिवसांत परतीचे तिकीट असते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. वार्षिक सहल एकच मोठी न काढता चार लहान काढाव्यात: नारळी पौर्णिमेस एक, भाद्रपदात सड्याची एक, कार्तिकी जत्रेची एक आणि पौष-माघात किल्ल्याची एक. मुलांना विनाशुल्क न्यावे. खर्चाचा एक भाग मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. उतरण्यास माझे घर आहे, ओटीवर वीस माणसे निजतात. मात्र प्रत्येक कुटुंबाने आपल्याकडील वृद्ध माणूस बरोबर आणावा, ही माझी अट आहे. किल्ल्याच्या दिवशी होडीत चढण्या-उतरण्यास गावची चार धट्टीकट्टी मुले मी उभी करीन. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री होडीवाल्यास विचारून ठेवीन. इच्छुकांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत. पहिले नाव, होडी सुरू असलेल्या महिन्यात, माझ्या पत्नीचे लिहून घ्यावे. तिनेही किल्ला अजून आतून पाहिलेला नाही.