सॅक पाठीला विचारून घ्या

कॅमेरा घेऊन डोंगरात जाणारे एक प्रश्न हमखास विचारतात: सॅक कोणती घेऊ? माझं उत्तर पुष्कळांना रुचत नाही. कॅमेऱ्याची म्हणून जी सॅक विकतात, ती डोंगरासाठी शक्यतो घेऊच नका.

त्या सॅकमधले कप्पे मोठे देखणे असतात. लेन्सला कप्पा, फ्लॅशला कप्पा, लॅपटॉपलाही कप्पा. जागा नसते ती पाण्याला आणि भाकरीला. आपल्या महाड-पोलादपूरकडे तिचं काम अगदीच नाही असं नव्हे. सवचे गरम पाण्याचे झरे, गांधारपाल्याची लेणी, सावित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरी, एवढंच टिपायचं असेल तर ती चालेल. खांद्यावरची साधी बॅगसुद्धा चालेल. रायगडाला तर १९९६ पासून रोपवे आहे. सवला थंडीत पहाटे जाणार असाल, तर एक करा. गार लेन्स वाफेजवळ उघडलीत की ती लगेच धुरकटते. कॅमेरा बॅगेतच ठेवून थोडा वेळ तिथे बसा आणि मग बाहेर काढा.

सॅकची परीक्षा होते ती ढवळ्याच्या वाटेवर. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावातून निघायचं, चंद्रगड करायचा, आणि बहिरीची घुमटी, जोरचं पाणी असं करत मढी महालावर, म्हणजे महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर निघायचं. हजार मीटरहून जास्त चढ. आता ओझं मोजू. कॅमेरा आणि नेहमीची लेन्स मिळून दीड किलो, लांब पल्ल्याची लेन्स दीड, तिकाटणं दीड. सॅकचं स्वतःचं वजन दीड-दोन. पाणी चार लिटर, म्हणजे चार किलो. डबा, विजेरी, अंगावरचं जाड काही मिळून आणखी दोन. झाले बारा किलो, आणि त्यात सगळ्यांत जड पाणीच आहे. म्हणून पस्तीस-चाळीस लिटरची, नीट बसणारी गिर्यारोहणाची सॅक घ्यावी आणि कॅमेऱ्यासाठी आत फोमचा वेगळा सुटा डबा ठेवावा, हे बरं.

नीट बसणारी म्हणजे काय? मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, त्यामुळे उंचीवर जाऊ नका. कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. ओझं मुख्यतः तिथे पेललं जातं. खांद्याचे पट्टे सॅक पाठीला धरून ठेवण्यापुरते. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. दुकानदाराकडे आठ-दहा किलोचं काहीतरी मागा, सॅकमध्ये भरा आणि जिना चढा-उतरा. तो कुरकुरला तर दुकान बदला.

पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक मिळाली तर उत्तम. समोरून उघडणारी सॅक पट्ट्यांवर आडवी ठेवावी लागते, आणि तो चिखल मग दिवसभर तुमच्या सदऱ्याला. तिकाटणं बाजूच्या खिशात खोचू नका. एक खांदा ओढला जातो आणि कारवीच्या रानात ते पावलोपावली अडकतं. मधोमध, घट्ट बांधा. कॅमेरा छातीवर अडकवायची क्लिप सपाटीवर सोयीची; हात टेकून खडक चढताना पहिला टोला कॅमेऱ्यालाच बसतो.

राहिला पाऊस. सॅकबरोबर येणारं रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून सरळ आत उतरतं. आपल्याकडे लावणीला वाकलेल्या बाईचं इरलं बघा, ते डोक्यापासून सुरू होतं आणि पाठ झाकून खाली येतं. माणूस आणि सॅक दोन्हींवरून येणारा सैल पाँचो तेच काम करतो. शिवाय सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घाला आणि तिचं तोंड पिळून बांधा. पाण्याच्या बाटल्या त्या पिशवीच्या बाहेर. नळीतून प्यायची रबरी पिशवी कॅमेऱ्याशेजारी ठेवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये ठेवून झोपू नका. फोम ओल धरून ठेवतो, आणि कोकणातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरायला तेवढं पुरतं. कॅमेरा पुसून, वाऱ्यावर ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. फोमचा डबा मात्र दोन दिवस पंख्याखाली उघडा राहू द्या. पुड्यांचे दाणे रंग बदलणारे असले, तर बदललेला रंग पाहून पुड्या बदला.