तुरा, मोती आणि चेहरा



लालबागच्या चाळीतली खोली असो की दादरच्या दुकानातला गल्ला, शिवाजी महाराजांची तसबीर तिथे असतेच. बाकदार नाक, टोकदार दाढी, जिरेटोप, त्यावर तुरा. लहान मूलही ती ओळखतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जाई, ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली आणि १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे ठेवलं.

इतकी मोठी चूक खपली कशी? मला वाटतं, आपण चित्रात चेहरा नंतर पाहतो. आधी दिसतो तो थाट: पगडी, मोती, शस्त्र. थाट सरदाराचा असला की मन पुढचा प्रश्नच विचारत नाही.

युरोपातही हेच घडत होतं. १४९३ मध्ये न्युरेंबर्गला आंतोन कोबर्गर यानं जगाच्या इतिहासाचा एक प्रचंड सचित्र ग्रंथ छापला. चित्रं अठराशेच्या वर, पण त्यांसाठी कोरलेले लाकडी ठसे साडेसहाशेच्या आतबाहेर. एकच मुकुटधारी चेहरा कधी या राजाचा, कधी त्या राजाचा! वाचकांना ते चालत होतं, कारण मुकुट दिसला की राजा कळला.

या कोबर्गरचा धर्मपुत्र म्हणजे चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर. १५१९ मध्ये त्यानं कार्डिनल आल्ब्रेश्ट या बड्या धर्माधिकाऱ्याची छबी तांब्याच्या पत्र्यावर कोरली. इथे चेहरा खराखुरा, ठसठशीत आहे. तरीही शेजारी कुलचिन्ह, त्यावर कार्डिनलची टोपी आणि लॅटिनमध्ये पदव्यांची रांग आहेच. ड्यूररनं तो पत्रा आणि दोनशे छाप कार्डिनलकडे पाठवले. मोबदला दोनशे सोन्याची नाणी, शिवाय अंगरख्यासाठी उंची दमास्क कापड. छाप हातोहात वाटता येतात. मानाचा माणूस जिथे स्वतः पोहोचत नाही, तिथे त्याची छबी पोहोचते. १५२६ मध्ये विद्वान इरास्मसची छबी कोरताना ड्यूररनं त्याच्याभोवती पुस्तकं मांडली. विद्वानाचा थाट तो! इरास्मसला मात्र ती आपल्यासारखी वाटली नाही.

आता महाराजांकडे येऊ. गोवळकोंड्याच्या शैलीतली लघुचित्रं डच व्यापाऱ्यांबरोबर हॉलंडला गेली. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या १७२४ ते १७२६ दरम्यान निघालेल्या ग्रंथात महाराजांची कोरून छापलेली छबी आली. ज्यानं ती कोरली, त्यानं रायगड पाहिला नव्हता, मराठी ऐकली नव्हती. तरी समोरच्या चित्रातली दाढी आणि तुरा त्यानं जपले. त्या अनोळखी कारागिराबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते, कारण आपल्याकडे भलताच चेहरा पुजला जात असताना त्याच्या परंपरेतल्या कागदांनी खरा चेहरा सांभाळून ठेवला होता.

गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत जिरेटोप घातलेली मुलं दिसतात, ती आता या ओळखीनंच सजतात. आणि शिवाजी पार्कचा अश्वारूढ पुतळा एकदा नीट पाहा. उगारलेली तलवार तिथे नाही. हात पुढे, दिशा दाखवणारा आहे. राजेपण सांगायला शिल्पकारानं शस्त्राऐवजी हाताची ही खूण निवडली.