पळसाला पाने तीन: मोबाईलचा कॅमेरा आणि मुलांचे निसर्गवाचन



विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना. मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी तिचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. हाच मुलगा पुढे डॉ. सालिम अली म्हणून विख्यात झाला. ‘हा पक्षी कोणता?’ या प्रश्नाला एका प्रौढ व्यक्तीने मान दिला, तेथून त्यांची वाट सुरू झाली.

आज असा प्रश्न पडण्यासाठी पाखराचा जीव घ्यावा लागत नाही. घरातील मोबाईल पुरतो. मात्र छायाचित्र टिपले की पाहणे संपले, अशी सवय जडली तर मोबाईल भरतो आणि दृष्टी रितीच राहते.

जबलपूरच्या परिसरात फाल्गुनात फुलणारा पळस घ्यावा. मुलाने आधी संपूर्ण झाड टिपावे, मग साल, मग चोचीसारखी वाकलेली पाकळी. काही आठवड्यांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा टिपावे: चपट्या शेंगा, कोवळी पालवी. पान जवळून टिपताच तीन दले स्पष्ट दिसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वर्गात पाठ केलेली असते. हिंदीभाषक मित्र ‘ढाक के तीन पात’ म्हणतो. दोन्ही भाषांतील पूर्वजांनी एकच पान नीट न्याहाळले होते, हे मुलाला तेव्हा उमगते. वनस्पतिशास्त्र एवढीच भर घालते की ही तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत.

म्हणून प्रत्येक छायाचित्रासोबत वहीत चार ओळी असाव्यात: दिनांक, ठिकाण, नाव आणि एक प्रश्न. नाव दोन्ही भाषांत लिहावे. रस्त्यावर सेमल आणि अमलतास, वहीत काटेसावर आणि बहावा. आयनॅचरलिस्टसारखे ॲप नाव सुचवते, पण तो अंदाज असतो; पुस्तकातून वा जाणकारांकडून त्याची खातरजमा करावी. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांची मराठी पाठ्यपुस्तकापुरती उरू नये, यासाठी डोळ्यांसमोरच्या झाडाला मराठीत हाक मारता येणे फार मोलाचे आहे.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. घरट्याजवळ जाऊ नये, फुलपाखराला चिमटीत धरू नये. छायाचित्रात ठिकाणाची नोंद आपोआप साठवली जाऊ शकते. घरट्याचे किंवा दुर्मीळ प्राण्याचे छायाचित्र इतरांना पाठवण्यापूर्वी ती काढून टाकावी. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर किंवा धुआँधारच्या काठाशी पडद्यावर नजर ठेवून पाऊल टाकू नये. तेथे सोबत मोठे माणूस हवेच.

या उपक्रमाला महागडा फोन लागत नाही. डुमना अभयवनापर्यंत जाणे न जमल्यास अंगणातील पारिजातकही वर्षभर पुरेल. पालकांनी आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून छायाचित्रे पाहावीत आणि त्यालाच विचारावे, ‘हे काय आहे?’ माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना झाडापाखरांची जुनी मराठी नावे आजही आठवतात. ती त्यांनी या मुलांच्या वहीत उतरवून द्यावीत.