आंतरराष्ट्रीय शाळेतील पालक-मंडळ आणि आपल्या शाळेच्या दारातील नवे मूल



शाळा ही गावाची असते, असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. आणि ते खरेही आहे. गाव अगोदर असते. देवळात, चावडीत किंवा कुणा सद्गृहस्थाच्या ओसरीवर वर्ग भरू लागतो. पुढे गाव जागा देते, श्रमदान करते आणि शाळेची इमारत उभी राहते. परंतु ज्या शाळेला मुळी गावच नाही, जिची मुले अनेक देशांतून आलेली आणि जिच्या पालकांना एकमेकांची भाषाही धड येत नाही, त्या शाळेने काय करावे? आंतरराष्ट्रीय शाळांपुढे आरंभापासून हाच प्रश्न होता. त्यांनी शोधलेले उत्तर खेड्यातील शिक्षकानेही विचारात घेण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघाचे मुख्य कार्यालय स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरी आले. आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीही तेथेच स्थिरावली. निरनिराळ्या देशांचे अधिकारी आपापली कुटुंबे घेऊन तेथे राहावयास आले आणि मुलांना कोणत्या शाळेत घालावे, ही चिंता घरोघरी उत्पन्न झाली. स्थानिक शाळांतील शिक्षण फ्रेंच भाषेतून चाले. शिवाय काही वर्षांनी मायदेशी परतल्यावर मुलाने कोणत्या वर्गात बसावयाचे, हाही पेच होताच. अखेर अशा काही अधिकाऱ्यांनी शिक्षणतज्ज्ञांचे साह्य घेऊन १९२४ साली स्वतःच शाळा काढली. पोलंडचे डॉक्टर लुडविक राइखमन व अमेरिकेचे आर्थर स्वीटसर हे राष्ट्रसंघातील अधिकारी या कामी पुढे होते. ॲडॉल्फ फेरिएर या स्विस शिक्षणतज्ज्ञांची त्यांना साथ लाभली. प्रारंभी मुले अवघी ८ होती. हेच डॉ. राइखमन पुढे, १९४६ साली स्थापन झालेल्या ‘युनिसेफ’ या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. जिनीव्हाची ती शाळा शंभर वर्षे उलटल्यावर आजही चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क येथे तोच प्रसंग उद्भवला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेऱ्या शहराबाहेर लेक सक्सेस येथे तात्पुरत्या भरत होत्या. त्या काळी तेथे वर्णभेद इतका तीव्र होता की, गोऱ्या नसलेल्या कुटुंबांना भाड्याने घर मिळणेही दुरापास्त होई. तेव्हा क्वीन्स भागात ‘पार्कवे व्हिलेज’ ही वसाहत उभी राहिली आणि तेथे सर्व वर्णांची कुटुंबे शेजारीशेजारी राहू लागली. पुढे १९५० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे राल्फ बंच हेही त्या वसाहतीत राहत होते. अशा वातावरणात, १९४७ साली, राष्ट्रसंघात काम करणाऱ्या पालकांनी एका लहानशा बालशाळेपासून प्रारंभ केला. आज तीच संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून ओळखली जाते.

या दोन्ही शाळांच्या उगमात एक समान गोष्ट दिसते. तेथे शाळेसाठी पालक-संघ नेमण्यात आला नाही. पालकांच्या गरजेतून शाळाच जन्मास आली. आजच्या अनेक आंतरराष्ट्रीय शाळा भरमसाट शुल्क आकारणाऱ्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या इमारती व साधने यांच्याशी आपल्या शाळेची तुलना करणे व्यर्थ होय. परंतु त्यांच्या पालक-मंडळांच्या कामातील जो गाभा आहे, त्यास पैसा लागत नाही.

तो गाभा कोणता? अशा शाळांत दर वर्षी कित्येक कुटुंबे बदली होऊन निघून जातात आणि कित्येक नवी येतात. वर्षाच्या मध्यावरही मूल दाखल होते. त्यास वर्गातील भाषा समजत नाही, आईस बाजार ठाऊक नसतो, वडील दिवसभर कचेरीत असतात. म्हणून पालक-मंडळाचे पहिले काम नव्या कुटुंबास सामावून घेणे हे मानले जाते. शक्य तर त्याच भाषेचे, नाही तर जवळपास राहणारे एखादे जुने कुटुंब त्याचे सोबती होते. डॉक्टर कोठे आहे, भाजी कोठे मिळते, शाळेतून आलेल्या चिठ्ठीचा अर्थ काय, हे ते समजावून देते. प्रत्येक वर्गासाठी एक-दोन पालक जबाबदारी घेतात. कोणते मूल एकटे पडले आहे, हे शिक्षकाच्या कानावर घालतात. आणि गेल्या वर्षी ज्या बाईचे बोट दुसऱ्या कुणी धरले होते, तीच या वर्षी नव्याने आलेल्या बाईचे बोट धरते. माणसे बदलत राहतात, परंतु रीत टिकते; ती अशी.

दुसरी गोष्ट अशी की, तेथे पालकांना केवळ सभेस बोलावीत नाहीत, त्यांना काम देतात. कुणी ग्रंथालयातील पुस्तकांना वेष्टने घालतो, कुणी लहान झालेले गणवेश गोळा करून दुसऱ्यांस देतो, कुणी आपल्या मातृभाषेतील गोष्ट मुलांना वाचून दाखवितो. ज्या मातेस इंग्रजी येत नाही ती सभेत मुकी बसते. परंतु चार जणींबरोबर पुस्तके शिवावयास बसली की खुणांनी का होईना, बोलू लागते. सहवास अगोदर हातांचा घडतो, मग शब्दांचा. समाजभाव म्हणजे काय, हे व्याख्यानापेक्षा या साध्या कामांतून अधिक उमगते.

या मंडळांत दोष नाहीत असे नव्हे. वर्षातून एकदा आंतरराष्ट्रीय दिन साजरा होतो. प्रत्येक देशाचा झेंडा, पोशाख आणि पक्वान्ने मांडली जातात. मुलांना तो दिवस फार आवडतो. परंतु एक दिवस ज्याच्या घरचा पदार्थ चाखावयाचा, त्याच्या मुलाशी उरलेले वर्षभर कुणी खेळावयाचे नाही, असे झाले तर त्या मेजवानीचे मोल किती? पक्वान्नाची ओळख म्हणजे माणसाची ओळख नव्हे. तसेच ज्यांना भाषा येते व वेळ असतो अशा चार-सहा जणांच्याच हाती मंडळ राहण्याचा धोका असतो. जाणत्या शाळा यासाठी सभा संध्याकाळी घेतात, सूचना एकाहून अधिक भाषांत देतात आणि अबोल पालकासाठी लहानसे का होईना, निश्चित काम राखून ठेवतात.

आता आपल्या शाळेकडे वळू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान देण्यासही सांगितले आहे. अधिकार आहे, कागदही आहेत. परंतु समिती सह्यांपुरती राहिली, तर कायदा पुस्तकात राहतो.

आणि आपल्याकडे नवे मूल येत नाही, असे कोण म्हणेल? दसरा-दिवाळी उलटली की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांच्या भागात उतरतात. शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. वीटभट्टीवर परप्रांतीय कुटुंबे येतात. त्या मुलांच्या घरी कोठे गोरमाटी, कोठे हिंदी बोलली जाते. जिनीव्हाच्या मुलापेक्षा या मुलाचे परकेपण कमी नाही. उलट त्याच्या पाठीशी कोणताही राष्ट्रसंघ नाही. शिक्षण हमी पत्रक त्याच्या हाती असले, तरी ते पत्रक पाहून त्याला बाकावर जागा करून देणारे माणूसच लागते.

येथे पालक-मंडळाने काय करावे? हंगामाच्या प्रारंभी समितीतील दोन माता शिक्षकासह कोप्यांवर जाऊन भेटाव्यात. पहाटे फडात जाणाऱ्या आईस दिवसा सभेस बोलावणे निरर्थक आहे; भेट संध्याकाळी, चुलीपाशी व्हावी. प्रत्येक नव्या मुलास गावातील एक सोबती मूल आणि त्या मुलाचे घर जोडून द्यावे. तांड्यावरील एखाद्या आजीस शाळेत बोलावून तिच्या बोलीत गोष्ट सांगावयास लावावी. त्या दिवशी तिचा नातू वर्गात ताठ मानेने बसेल. आणि कुटुंब परत निघेल तेव्हा मुलाची प्रगती लिहून द्यावी व त्यास निरोप द्यावा. निरोप मिळालेले मूल पुढील वर्षी आपण होऊन शाळेकडे येण्याचा संभव अधिक.

यांपैकी एकाही कामास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, शाळेचा समाज आपोआप होत नसतो. तो करावा लागतो. परदेशातील परक्यांनी एकत्र येऊन शाळेतून आपले गाव घडविले. आपल्याला गाव आयते लाभले आहे. त्या गावाच्या वेशीवर थांबलेल्या मुलास आत आणणे, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे. आणि ते या हंगामापासूनच हाती घेता येण्याजोगे आहे.